पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन तीस वर्षं झाली. या व्यासपीठावर मी शेवटची उभी होते ती वक्तृत्व स्पर्धेत, आणि तेव्हा वेळ संपल्याची घंटा वाजवायला बाई समोर बसलेल्या होत्या. आजही त्या समोर आहेत, त्यामुळे मी वेळेत संपवीन.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी बोल." त्यावर बोलणारे आपल्या तुकडीत निदान सहा जण आहेत आणि त्यांच्यात एकमत नाही. म्हणून मी वेगळा विषय मागून घेतला. आपल्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये असलेला फोन, पाऊस आणि झाडं. पावसानंतर झाडांचे फोटो काढणं हा माझा गेल्या आठ-नऊ वर्षांचा छंद आहे. झाडं दोन प्रकारची: गच्चीवरच्या ट्रेमधली बोन्साय आणि रस्त्यावरची, डोंगरावरची आपली देशी झाडं. आधी थोडं तंत्र सांगते, मग या फोटोंचं पुढे काय होऊ शकतं ते सांगते, आणि शेवटी आपल्या सगळ्यांकडे एक काम मागणार आहे.

पहिला प्रश्न, पावसानंतरच का?

उन्हात झाडाचा फोटो काढला तर अर्धी पानं पांढरीफटक येतात आणि अर्धी काळी. उजेड आणि सावली यांतला एवढा फरक फोनच्या छोट्याशा सेन्सरला एका वेळी पेलत नाही. पाऊस नुकताच थांबलेला असतो तेव्हा आकाशभर ढग असतात. उजेड एका सूर्याकडून न येता सगळ्या आभाळातून येतो. फोटो स्टुडिओत दिव्यापुढे पांढरं कापड लावतात ना, तसं कापड निसर्गाने साताऱ्यापासून कासपर्यंत ताणलेलं असतं. शिवाय पानांवरची महिनोन्‌महिन्यांची धूळ धुतली गेलेली असते.

दुसरं कारण साल. ओली साल गडद का दिसते? सालीवर पाण्याचा पातळ थर बसतो. आत गेलेल्या उजेडातला बराचसा त्या थराच्या आतल्या बाजूला आपटून पुन्हा सालीकडे परततो आणि तिथेच शोषला जातो. आपल्या डोळ्यांपर्यंत कमी उजेड येतो, पण जो येतो त्यात रंग जास्त असतो. ऐनाची साल एरवी नुसती राखाडी वाटते. पावसानंतर यवतेश्वरच्या बाजूला एखाद्या ऐनाजवळ उभं राहा. त्या सालीला सुसरीच्या पाठीची उपमा का देतात ते तेव्हा कळतं. उलट कांडोळ, ज्याला काही ठिकाणी भुत्या म्हणतात, त्याचं पांढुरकं, कागदासारखे पापुद्रे सुटणारं खोड ओल्या काळ्या रानात दिवा लावल्यासारखं उठून दिसतं.

आणि तिसरं कारण आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. ते फूल नसतं. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार म्हणजे दगडफूल. झाडांच्या सालीवर त्याचे अनेक भाऊबंद असतात. कोरडे असताना राखाडी, मेल्यासारखे दिसतात. पाणी मिळालं की वरचा बुरशीचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शेवाळ हिरवं दिसायला लागतं. ऊन पडलं, वारा सुटला की पुन्हा राखाडी. म्हणून मी "अर्धा तास" म्हणते. साल वाळेपर्यंतच हा खेळ असतो. चहा नंतर घ्यावा, फोटो आधी.

आता फोटो कसा काढायचा. इथे महागडे फोन असणारे आणि साधे फोन असणारे असे दोन्ही आहेत. पुढचं सगळं साध्या फोनवरही जमतं.

सगळ्यात आधी लेन्स पुसा. पावसात फोन खिशातून काढला की काचेवर वाफ धरते किंवा बोटाचा तेलकट ठसा असतो. धुकट फोटोंचं निम्मं रहस्य त्यात असतं. रुमाल सुती हवा. फ्लॅश बंद. फ्लॅशने प्रत्येक थेंबात एक पांढरा टिपका येतो आणि साल सपाट दिसते.

मग पडद्यावर खोडावर बोट ठेवून तसंच दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो. त्यानंतर उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. फोनला ओलं, काळं खोड दिसलं की वाटतं अंधार आहे, आणि तो सगळं उजळ करून टाकतो. आपल्याला ते गडदच हवं आहे.

पानं फार चमकत असतील तर एक युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका ठिकाणी पानांवरची चकाकी विरते आणि खालचा खरा हिरवा रंग दिसतो. ओल्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि ती काच नेमका तोच अडवते. दहावीत आपण प्रकाशाचं परावर्तन पाठ केलं होतं. त्याचा उपयोग विचारणारा मुलगा आज समोरच बसला आहे, त्याला हे उत्तर.

एक गोष्ट मात्र माझ्या व्यवसायातली सांगायला हवी. आजचा फोन फोटो "काढत" नाही, तो फोटो "करतो". आपण एकदा बटण दाबतो तेव्हा तो अनेक चित्रं घेतो, ती एकमेकांवर बसवतो, कुठे उजळ करतो, कुठे कडा तीक्ष्ण करतो आणि हिरवा रंग आपल्याला आवडेल असा करतो. वाऱ्याने फांदी हलली तर ती चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि पानांना भुतासारखी सावली येते. म्हणून झुळूक थांबेपर्यंत थांबा. पोर्ट्रेट मोड झाडांसाठी टाळा. माणसाचं डोकं कुठे संपतं ते प्रोग्रामला कळतं, पण चिंचेच्या पानांची कड कुठे संपते ते कळत नाही. तो बिनदिक्कत पानं पुसून टाकतो. फिल्टरही नको. आपल्याला नोंद हवी असेल तर झाड जसं आहे तसंच यायला हवं.

आता बोन्साय. मला हमखास विचारलं जाणारा प्रश्न आधी घेते: "झाडाला असं खुजं करून छळायचं कशाला?" बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ उथळ भांड्यात लावलेलं झाड, एवढाच. त्यामागची कला मूळची चीनची. हे झाड जातीने खुजं नसतं. बोन्सायमधला वड आणि वटपौर्णिमेला ज्याला सूत गुंडाळतात तो वड एकच. छाटणी, मर्यादित मुळं आणि रोजची देखभाल यांनी त्याची उंची आटोक्यात ठेवलेली असते. उपाशी ठेवलं तर ते मरतं, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकलेलं बोन्साय म्हणजे कुणीतरी रोज त्याच्याकडे पाहिलं आहे याचा पुरावा असतो.

त्याचा फोटो काढताना लोक उभ्याने, वरून काढतात. मग ते कुंडीतलं रोप दिसतं. गुडघे साथ देत असतील तर खाली बसा, नसतील तर ट्रे टेबलावर ठेवा, आणि फोन खोडाच्या मध्याच्या पातळीवर आणा. अगदी जवळ जाऊ नका. जवळून काढलं की पुढची फांदी आणि कुंडीची कड अवाढव्य दिसते. दोन-तीन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. मागे वाळत घातलेले कपडे आणि पाण्याची टाकी नको, एखादी राखाडी चादर चालते.

पावसाचा थेंब इथे एक गंमत करतो. पानाचा आकार छाटणीने लहान होतो, पण पाण्याच्या थेंबाला बोन्साय माहीत नाही. तो मोठ्या वडावर जेवढा, तेवढाच या वितभर वडावर. म्हणून पानाच्या टोकाला थेंब दिसला की पाहणाऱ्याला लगेच कळतं की झाड लहान आहे. ते शेकडो वर्षांचं, विशाल भासवायचं असेल तर थेंब गळू द्या. त्याचं खरं रूप दाखवायचं असेल तर थेंबासकट काढा. मी दोन्ही काढते.

माझ्याकडचा मुख्य बोन्साय एक उंबर आहे. तो माझ्या आईचा. तिने तो साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर एकवीस वर्षं सांभाळला. ती गेल्यावर तो माझ्याकडे पुण्यात आला. आईचे दागिने वाटून झाले, साड्या वाटून झाल्या, उंबर कुणी मागितला नाही. मी त्याचा दर पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या सरीनंतर अर्ध्या तासाने, गच्चीवरच्या त्याच फरशीवरून, त्याच उंचीवरून एक फोटो काढते. फरशीवर रंगाची खूण केलेली आहे. तिसऱ्या वर्षीचा फोटो आधीच्या दोन फोटोंशेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला. आधीच्या दोन्हींत ट्रेमधली माती ओली पण निस्तेज होती. तिसऱ्यात मातीत आभाळ दिसत होतं. म्हणजे सर थांबून अर्धा तास झाला तरी पाणी साचलेलं होतं. झाडाची पानं तेव्हा हिरवीगार होती, नुसतं पाहून काही कळलं नसतं. ट्रे उलटून पाहिला तर मुळांनी खालची भोकं बंद केली होती. बोन्सायच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पाणी असंच साचत राहिलं असतं तर ती आतून कुजली असती आणि पानं गळायला लागली तेव्हा उशीर झाला असता. त्याच आठवड्यात मुळं मोकळी केली, माती बदलली. उंबर आहे. गेल्या वर्षी त्याला फळं आली, आणि बोन्सायची फळं पानांसारखी लहान होत नाहीत, त्यामुळे वितभर झाडावर पूर्ण मापाची उंबरं लटकताना फार मजेशीर दिसली.

एका जागेवरून, ठरावीक वेळी काढलेला साधा फोटो काय करू शकतो, ते मला त्या दिवशी समजलं.

आता मोठ्या झाडांकडे येते. देशी झाड म्हणजे जे इथल्या मातीत माणसाने न आणता वाढत आलं आहे ते. वड, पिंपळ, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, करंज, अर्जुन, वावळ, आणि आपलं राज्यपुष्प ज्याला येतं तो ताम्हण. आपल्या लहानपणीच्या आठवणीतली सगळीच झाडं देशी नाहीत. गुलमोहर मादागास्करचा. रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. माझं त्यांच्याशी वैर नाही, पण ओळख असावी.

ओळखीसाठी एका झाडाचे पाच फोटो लागतात: दुरून पूर्ण झाड, जवळून साल, पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं कशी लागतात ते, आणि फूल किंवा फळ. पानाशेजारी शाळकरी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. एक शिवणाचा टेप जवळ ठेवा आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा. वृक्षगणना करणारे साधारण याच उंचीवर मोजतात, म्हणून आपणही तिथेच मोजायचं.

फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही आपोआप लिहिले जातात. दाट झाडाखाली लोकेशन काही मीटर इकडेतिकडे होतं, म्हणून एका फोटोत शेजारची भिंत, विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी येऊ द्या. आणि हे लक्षात ठेवा: व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर ती टिकते. मूळ फाइल जपा.

नोंदीचं महत्त्व सांगणारी एक खरी गोष्ट आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक जपानी पांढऱ्या पाइनचा बोन्साय आहे. १६२५ पासून तो जोपासला गेला आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा, १९७६ साली, जपानहून भेट आलेल्या बोन्सायमध्ये तो होता. देणाऱ्याचं नाव मासारु यामाकी. पंचवीस वर्षं लोक त्या झाडासमोरून गेले. २००१ साली यामाकींचे दोन नातू ते झाड पाहायला आले आणि त्यांनी सांगितलं की हे झाड हिरोशिमाच्या अणुबाँबमधून वाचलेलं आहे. स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर त्यांची रोपवाटिका होती आणि हा पाइन तिथे भिंतीआड होता. झाडाने काही सांगितलं नाही. झाड सांगत नसतंच. कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे ते आता सांगते. चार वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या भागात एका रस्त्यावर तीन झाडांवर नोटिसा लागल्या. झाडं तोडण्यासाठी अर्ज आला होता आणि हरकती मागवल्या होत्या. अर्जात तिन्ही झाडांचं वर्णन "सुकलेले, धोकादायक" असं होतं आणि सोबत फोटो होते. त्यातली एक काटेसावर. फोटो डिसेंबरातला होता. आता काटेसावर हिवाळ्यात पानं टाकते, हे तिचं रोजचं वागणं आहे. त्यानंतर ती फुलते आणि मग पालवते. डिसेंबरात तिचा फोटो काढून तिला मेलेली म्हणणं म्हणजे दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांना पाहून रडारड सुरू करण्यासारखं आहे. माझ्याकडे त्या झाडाचे आधीच्या पाच पावसाळ्यांतले फोटो होते, तारखेसह, भरगच्च पानांचे. आम्ही शेजाऱ्यांनी ते छापून हरकतीला जोडले. अधिकारी पाहणीला आले, त्यांनी मूळ फाइलवरच्या तारखा पाहिल्या, आणि काटेसावर यादीतून वगळली गेली. ती आजही उभी आहे.

उरलेली दोन झाडं गेली. एक वावळ होता, एक करंज. ती सुकलेली होती की नव्हती हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही, कारण त्यांचा एकही जुना फोटो कुणाकडे निघाला नाही.

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी आत येताना तुम्ही पाहिलं असेल, शाळेसमोरचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि कुंपणालगतच्या झाडांवर रंगाने आकडे टाकले आहेत. रस्ता नको असं मी म्हणत नाही. पहिल्या पावसात त्या वळणावर गाड्या घसरतात हे मलाही दिसतं. पण आकडा टाकण्यापलीकडे त्या झाडांबद्दल कुणाकडे काय माहिती आहे? गेल्या पावसाळ्यात आपल्या तुकडीतल्या आम्ही तिघींनी दोन दिवस आवारात फिरून मोजलं. सत्तावीस झाडं आहेत. त्यातली एकोणीस देशी. कुंपणालगत नऊ. त्यांत वड आहे, ज्याच्या पारावर आपण डबे खाल्ले.

नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला "वारसा वृक्ष" मानलं गेलं. अशा झाडाचा विचार जास्त काळजीने करावा लागतो. मग प्रश्न येतो, आपल्या वडाचं वय किती? घेरावरून अंदाज करता येतो, पण अंदाजावर वाद घालता येतो.

आणि इथे तुमचा उपयोग आहे. आपल्या शाळेत वर्गाचा फोटो कुठे काढायचे? वडाखाली. बाके मांडून, बाई-सर मध्ये, उंच मुलं मागे. आपला तिथेच निघाला, आपल्या आधीच्यांचा तिथेच, आणि आज इथे ज्येष्ठ माजी विद्यार्थी बसले आहेत त्यांचाही बहुधा तिथेच. आपण त्या फोटोंत स्वतःला शोधतो, मग मैत्रिणींना, मग न आवडणाऱ्या मुलाला. मागच्या खोडाकडे कुणी पाहत नाही. १९७० च्या आसपासचा एखादा वर्गफोटो मिळाला, पाटीवर साल लिहिलेलं असलं आणि मागे ते खोड असलं, तर त्या झाडाच्या वयाचा तो लेखी पुरावा आहे. असा पुरावा कुठल्याही कार्यालयात नाही. तो तुमच्या कपाटातल्या अल्बममध्ये आहे.

म्हणून माझी दोन कामं. पहिलं, घरी गेल्यावर जुने वर्गफोटो, क्रीडादिनाचे, झेंडावंदनाचे फोटो काढा. आई-वडील, मोठी भावंडं याच शाळेत असतील तर त्यांचेही. मागे झाड दिसत असेल तर तो फोटो सपाट ठेवून, उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर घ्या. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर त्याचाही घ्या. दुसरं, जे साताऱ्यात राहतात त्यांनी सत्तावीसमधलं एकेक झाड वाटून घ्या. येत्या जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर अर्ध्या तासात त्याचे पाच फोटो आणि घेर, आणि पुन्हा दरवर्षी. पुण्या-मुंबईच्यांना, परदेशातल्यांना पहिलं काम करायला अंतराची अडचण नाही. आलेले सगळे फोटो तारखांसह एकत्र लावून त्याचा तक्ता बनवणं माझ्याकडे. इतकी वर्षं दुसऱ्यांची माहिती लावून दिली, आता आपली लावते. तो तक्ता मुख्याध्यापकांच्या हाती देऊ आणि रस्त्याच्या सुनावणीला शाळेच्या वतीने मांडू.

सगळी नऊ झाडं वाचतील असं वचन मी देत नाही. पण जे जाईल ते "इतर" किंवा "जंगली" म्हणून जाऊ नये. त्याचं नाव, घेर, वय आणि पावसानंतरचं त्याचं रूप आपल्याकडे असावं.

घंटा वाजायच्या आत थांबते. आणि फोटो पाठवताना विसरू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे.